धुकं उठेपर्यंत

"आगं, दरी कुटंय?" रिक्षातून उतरता उतरता सरूबाईने विचारलं.

"ही काय, म्होरंच. पर समदं धुकंच हाय. कपाळ माझं!" चंपा म्हणाली.

टायगर पॉइंटच्या कठड्यापाशी तिघी जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडे दरी नव्हती, डोंगर नव्हता, नुसतं पांढरं. जानेवारीतला मंगळवार, सकाळचे नऊ, आणि थंडी अशी की बोलताना चंपाचे दात वाजत होते. नंदाबाईने सरूबाईचा हात धरून तिला कठड्यालगतच्या दगडी बाकावर बसवलं आणि अंगावरची शाल काढून तिच्या पाठीवर टाकली.

"उठंल गं. ऊन आलं की उठतंय धुकं," ती म्हणाली. आपण कुठे पाहिलंय कधी, हे तिला बोलून झाल्यावर आठवलं.

खरं म्हणजे तिघींपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मळवलीला एकमेकींना लागून असलेल्या तीन बंगल्यांवर त्या कामाला. नंदाबाईकडे स्वयंपाक, तोही एकोणीस वर्षं. सरूबाईकडे झाडलोट आणि बाग. चंपा वयाने धाकटी, पण तोंडाने दोघींची सासू. मैत्री झाली ती रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर. पाहुण्यांना टायगर पॉइंटचा रस्ता सांगून सांगून सरूबाईला तो तोंडपाठ झाला होता. स्वतः जायची वेळ कधी आली नाही. पावसाळा म्हणजे सीझन, हिवाळा म्हणजे सीझन, आणि उन्हाळ्यात शाळांना सुट्टी म्हणून पुन्हा सीझन.

मग दिवाळीत तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. सरूबाईचं काम सुटलं. ती रडली नाही, कुणाला बोल लावला नाही. नंदाबाईला एवढंच म्हणाली, "हाय तवर एकदा ती दरी दाखीव गं मला."

"नेते की," नंदाबाई म्हणाली होती. पण दिवाळीचे पाहुणे आले, नाताळचे आले, थर्टी फर्स्टचे तर तीन दिवस हललेच नाहीत. संक्रांतही गेली. परवा सरूबाई भरल्या घागरीला अडखळून पडली, तेव्हा कुठे नंदाबाईने जायचं ठरवलं. मालकांना कळवलं सुद्धा नाही. मंगळवारी बंगला रिकामाच असतो, असा हिशेब करून ती निघाली.

दहा वाजले. धुकं होतं तिथंच होतं. नंदाबाईने पिशवीतून किटली काढली, बाकावर पेले मांडले. घरून आणलेला चहा अजून वाफाळत होता. तेवढ्यात टोप्या-मफलरांत गुंडाळलेली तीन पोरं-पोरी समोर येऊन उभी राहिली.

"मावशी, तीन कटिंग द्या ना. आलं आहे ना त्यात?"

"विकायचा न्हाई बाई," असं म्हणत म्हणतच नंदाबाईने तीन पेले भरले सुद्धा. हाताला सवय. वर "गरम हाय, दमानं," असंही बजावलं.

"सुट्टी घिऊन बी हिची ड्यूटी चालूच!" चंपा कडाडली. "ए पोरी, पर्स ठिव आत. आज आमी बी पाव्हण्या हाय हितं."

पोरगी ओशाळली. "सॉरी मावशी, आम्हाला वाटलं..."

"वाटू दे की," सरूबाई हसून म्हणाली. "चा चांगला झालाय का ते सांग."

चहा चांगलाच झाला होता. मग तिळाची पोळी निघाली, तिचेही तुकडे वाटले गेले. आपल्या वाट्याचा चहा संपला हे नंदाबाईच्या ध्यानात आलं ते पोरं निघून गेल्यावर. चंपाने आपला अर्धा तिच्या पेल्यात ओतला.

अकराला फोन वाजला. मालक होते.

"नंदाबाई, अचानक ठरलंय. दोन वाजेपर्यंत दहा जण पोचतील. जेवण तयार ठेवा."

नंदाबाईने धुक्याकडे पाहिलं. आत्ता निघालं तर जमलं असतं.

"आज न्हाई जमायचं, सायेब."

"म्हणजे? आहात कुठं तुम्ही?"

"फिरायला आलेय."

"असं असेल तर मला दुसरी बाई बघावी लागेल हं."

"बघा मग," नंदाबाई म्हणाली. तिने फोन पिशवीत टाकला. घर तिच्या पगारावर चालत होतं. नवऱ्याला काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं.

"जा गं तू," सरूबाई म्हणाली. "आमी बसतो दोघी."

"गप बस. दरी बघितल्याबिगर मी हलत न्हाई."

बारा वाजून गेले आणि वारा सुटला. आधी समोरच्या डोंगराची धार दिसली, मग काळा कडा, मग झाडी. बघता बघता सगळं धुकं निघून गेलं आणि दरी तळापर्यंत उघडी पडली. खाली शेतांचे तुकडे, ओढ्याची रेघ, एवढीएवढीशी घरं. नंदाबाई साहेबांना विसरली, पगार विसरली. चंपा कठड्यावर ओणवी होऊन बघायला लागली.

"ऊन चांगलं लागतंय पाठीला," सरूबाई म्हणाली. "पर धुकं काय हटंना मेलं."

चंपाने तोंड उघडलं. नंदाबाईने तिचं मनगट घट्ट दाबलं.

"व्हय. आज दाटच हाय," ती कशीबशी म्हणाली. "बसू आजून थोडं."

सरूबाईने हात पुढे करून कठडा चाचपला. ऊन लागून दगड कोमट झाला होता. तळवा तिने तसाच ठेवला.

"उठलं व्हय गं धुकं?"

दोघींपैकी कुणी बोललं नाही.

"कवा?"

"आत्ताच," नंदाबाई म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "दिवाळीतच आणायला पायजे हुतं तुला. लोकांची ताटं वाढत बसले मी."

"दिवाळीत बी फारसं दिसत न्हवतं मला. म्या बोलले न्हाई, यवढंच."

हे खरं की आपली समजूत काढायला, नंदाबाईला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

सरूबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, शाल नीट लपेटली आणि दरीकडे तोंड करून ताठ बसली.

"गप का झालात? माझ्याकडं बघत बसू नगा," ती म्हणाली. "दरी बघा. यवढ्या लांब आलोय."

मग त्या दोघींनी माना वळवल्या आणि दरी बघितली.