बिल्ला नंबर दोनशे बारा

मी बिल्ला बोलतोय. पत्र्याचा, पोटावर आकडा ठोकलेला: दोनशे बारा. माझं शिक्षण तेवढंच. पण तुम्ही शिकलीसवरलेली माणसं वाचूनही कशी फसता, ते परवा जवळून पाहिलं, म्हणून तोंड उघडलं.

गोऱ्यांनी समुद्रापार वसाहत काढली तेव्हा दगडखाणीला माणसं लागली. जहाजातून उतरला की गळ्यात बिल्ला. नाव विचारायची पद्धतच नव्हती, साहेबाची जीभ म्हणे वळत नसे! माणूस मेला की बिल्ला काढायचा, धुवायचा आणि पुढच्या जहाजातल्या गळ्यात घालायचा. पत्रा कशाला वाया घालवा? माणसं काय, जहाजभर!

माझा पहिला गडी काटकुळा, पण तोंडाळ. एकदा त्यानं मुकादमाच्या कानफटात वाजवली. चाळीस फटके बसले. आठवड्यानं मला धुतलं.

दुसरा गडी आडदांड. त्याचे दंड पाहून साहेबानं त्याला फटके मारायच्याच कामावर घेतलं. हात वर गेला की मी त्याच्या छातीवर उडायचो, खाली आला की आदळायचो. सहा वर्षं हा झोपाळा. मग तापानं गेला. पुढचं जहाज आलंच नाही, म्हणून मी त्याच्या बायकोच्या पेटीत राहिलो.

परवा त्याची पणती, निवृत्त नर्सबाई, मला रुमालात बांधून दप्तरखान्यात घेऊन आली. घरी तिचे वडील शेवटच्या घटका मोजताहेत. "माझे आजोबा कोण होते ते कळल्याशिवाय जात नाही," हा त्यांचा हट्ट.

म्हाताऱ्या कारकुनानं शिंकत वही काढली.

"हे घ्या. दोनशे बारा. मुकादमावर हात उचलला. चाळीस फटके. आठ दिवसांनी मयत. खाणीमागे, तिसऱ्या रांगेत पुरला."

"मुकादमाला मारलं? आमच्या पणजोबांनी?" बाईंचे डोळे भरून आले.

कारकुनानं पान उलटलं. तिथे ठसठशीत लिहिलेलं: 'दोनशे बारा, नवा. फटके मारण्याच्या कामावर.' त्यानं बाईंकडे पाहिलं आणि वही मिटली.

"पुढे सगळी वाळवी लागलीय, ताई."

लबाड! बिचाऱ्या वाळवीच्या नावावर एवढी थाप मीसुद्धा मारली नसती.

बाईंनी तिथूनच फोन लावला. "अण्णा, वाघ होते तुमचे आजोबा! चाळीस फटके खाल्ले!"

"ओरडले नसतील," धापा टाकत आवाज आला.

"छे हो अण्णा! हूं की चूं नाही."

ओरडला हो. तेराव्या फटक्यापासून आईला हाका मारत होता.

अण्णा त्याच संध्याकाळी गेले. सुखानं गेले म्हणतात.

आज खाणीमागे गवंडी दगड उभारतोय. त्यात मला बसवायचं ठरलंय. बाई मातीला हात लावून रडताहेत. खालच्यासाठी रडायला इतक्या वर्षांत हे पहिलंच माणूस आलं, आणि आलं ते कुणाच्या घरातलं! असू दे. मी काही बोलणार नाही.

फक्त गवंडीदादा, तुला हात जोडतो, मला दुसरीकडे कुठेही फेक. तो मरून एकदाचा सुटला होता माझ्यातून. पुन्हा त्याच्या उरावर बसवू नकोस मला.