कमरेचा दोर

कालिम्नोस नावाचं बेट भूमध्य समुद्रात आहे, हे अख्ख्या धारूरमध्ये बहुधा मला आणि अंजूलाच माहीत असेल. तिथले चुनखडीचे कडे चढायला जगभरातून लोक येतात. येत्या ऑक्टोबरात आम्ही दोघी जाणार होतो. चार दिवस कडे, तीन दिवस डोंगरवाटा. अंजूच्या अंगणात नकाशा पसरून आम्ही रोज भांडायचो. तिला पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड कडा हवा होता; मला आधी जरा हातपाय मोकळे करायचे होते.

अंजूची आई, साखराबाई, शेळ्यांना पाला टाकता टाकता सगळं ऐकायची. एक दिवस तिने विचारलं, "तिथं हिचा दोर कोण धरणार?"

"मी, मावशी."

तिने हातातला पाला खाली ठेवला. "मग न्हाई जायची ती."

का, असं अंजूने विचारलं नाही. मीही नाही. तिघींनाही ते ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी अंजूचे वडील, म्हाळू, किल्ल्यामागच्या कड्यात अडकलेली शेळी काढायला उतरले होते. या शेळ्या राखणाऱ्यांचा एक रिवाज आहे. खाली उतरणाऱ्याच्या दोराचं दुसरं टोक वरच्याने स्वतःच्या कमरेला बांधायचं, आणि तो वरचा माणूस घरचाच हवा. त्या दिवशी घरचं कुणी जवळ नव्हतं. शेजारी आमचं शेत, बांधावर माझे वडील, आप्पाराव. त्यांनी दोर धरला, पण कमरेला बांधला नाही. हाताला दोन वेढे घेतले, झालं. शेळ्यावाल्याच्या दोराला आपण कंबर कशाला बांधायची, असंच त्यांच्या मनात आलं असणार. खाली दगड निसटला, हिसका बसला आणि दोर हातातून गेला. वडिलांच्या तळहातांची सालटी निघाली. म्हाळू गेले. मला वडिलांची लाज वाटते आणि कीवही येते.

तिसऱ्या दिवशी सकाळी साखराबाई आमच्या दारात उभी. आत ये म्हटलं तर आली नाही.

"तुझा दोर घे. चल."

तोच कडा. अकरा वर्षांत तिने तिकडे शेळ्यासुद्धा नेल्या नव्हत्या. तिने लुगड्याचा काचा मारला, अंजूने तिच्या अंगावर चढाईचे पट्टे आवळले. मी स्वतःला मागच्या कातळाला अडकवून घेतलं, दोराचं टोक माझ्या कमरेच्या पट्ट्याला गाठ मारून बांधलं.

"मावशी, तुमी नका. अंजू उतरती."

"तिचं मग बघू," ती म्हणाली आणि पाय खाली सोडले.

मी हळूहळू दोर देत राहिले. मला ती दिसत नव्हती. अंजू काठावर पालथी पडून बघत होती.

"थांबली," अंजू म्हणाली. "आबा जिथनं गेलते, तिथंच." मग, "आयनं हात सोडले."

दोर ताणला. साखराबाईचा सगळा भार माझ्या कमरेवर आला. बाई इतकी हलकी असेल असं मला वाटलं नव्हतं. मला रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. ती तशीच लटकून राहिली. मी आयुष्यात इतकं घट्ट काही धरलेलं नाही. शेवटी दोराला दोन हिसके बसले आणि आम्ही तिला वर घेतलं.

ती माझ्यासमोर धापा टाकत बसली. अंजूने पुढे केलेलं पाणी घेतलं नाही.

"तिथनं सगळं शिवार दिसतंय," ती म्हणाली. "त्यांना बी दिसलं आसंल."

मग तिने माझ्या कमरेची गाठ चाचपली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली. परत एकदा ओढली.

"जा दोघी," ती म्हणाली. गाठीवरचे हात तिने काढले नव्हते. "आन् येताना बी दोघी या."