जिजींच्या खोलीतलं घोडियं

मी एक जुनं घोडियं आहे. मित्रांनो, नाव ऐकून हसू नका. लोखंडी चौकटीला कापडाची झोळी टांगलेल्या पाळण्याला आमच्या सुरतेत घोडियं म्हणतात. कडोदऱ्याच्या एका वेल्डरने उरल्यासुरल्या पाइपांतून मला जोडलं आणि भेस्तानच्या मालतीबाईंनी मला विकत घेतलं.

मालतीबाई मूळच्या खानदेशातल्या, एकट्याच राहणाऱ्या. चाळीतली माणसंही तिकडचीच; पुरुष कापड विणायच्या लूमवर जात आणि बायका साड्यांच्या घड्या घालायला. त्यांची तान्ही पोरं दिवसभर मालतीबाई थोड्याशा पगारावर सांभाळत. सगळे त्यांना जिजी म्हणत. माझी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून त्या लसूण सोलत, एकाला भरवत, दुसऱ्याला दटावत. माझ्यात कितीतरी पोरं झोपून मोठी झाली. जिजींकडे पोर ठेवलं की जिवाला घोर नाही, असं बायका म्हणायच्या, आणि मला उगाच मोठेपणा वाटायचा.

मग महागाईने डोकं वर काढलं. रॉकेल महागलं, डाळ महागली, खोलीचं भाडं वाढलं. जिजींचा पगार मात्र होता तिथेच राहिला. शेवटी एका संध्याकाळी, छोट्या ललितला न्यायला त्याची आई चंचल आली, तेव्हा त्यांनी धीर केला.

"चंचल, पगार थोडा जास्ती दे ना. आते भागत नही."

"जिजी, तू ते आमनी माय शे," चंचल हसत म्हणाली. "मायले का कोणी पगार देस?"

चंचलचं घरही ओढाताणीतच चालायचं. जिजींनी ललितला उचलून तिच्या कडेवर दिलं.

पुढे अखाजी आली. खानदेशात या सणाला लेकी माहेरी जातात. या बायकांना गावी जायला सुट्टी नव्हती, म्हणून सगळ्या नटूनथटून जिजींकडेच माहेरपणाला आल्या. जिजींनी नेमका त्याच दिवशी सगळ्यांसमोर पगाराचा विषय काढायचा ठरवला होता. पण माहेरी आलेल्या लेकींकडे पैसे मागायचे तरी कसे? त्यांनी उसनवारी करून पुरणपोळ्या केल्या, आमरस केला, एकेकीच्या हातात बांगड्या भरल्या. लेकी तृप्त होऊन गेल्या. जिजींनी पातेल्याला लागलेला रस पाणी घालून प्यायला. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जिजी एका गोदामात साड्यांचे धागे कापायच्या कामाला लागल्या. तिथे पगार बरा होता.

"पोरेसवर जीव शे, पण मायले बी भूक लागस," एवढंच त्या चंचलला म्हणाल्या आणि मला तिच्या स्वाधीन केलं. चंचल मला उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली.

आता ती सकाळी ललितला माझ्यात निजवते, जुन्या लुगड्याने बांधते आणि दाराला कुलूप लावून कामावर जाते. काम सोडलं तर घर चालत नाही, आणि जाताना तिचे डोळे रोज भरून येतात. शेजारीण अधूनमधून खिडकीतून डोकावते. ललित उठतो, जिजींना शोधतो, रडून रडून दमतो. मी लोखंडाचं. मला आपण होऊन हलता येत नाही.

मित्रांनो, तुम्हालाही लहानपणी कुणा बाईने सांभाळलं असेल. तिला मावशी म्हणा, जिजी म्हणा, माय म्हणा. पण तिचं पोट भरेल एवढा पगार तिला द्या, असं आपल्या आईवडिलांना जरूर सांगा. आता मला थांबायला हवं. ललित जागा झालाय.