चौदा पानांचा आराखडा

आमच्या भाऊजींनी चौदा पानांचा आराखडा लिहिला, तेव्हा मी त्यांना चार वेळा चहा करून दिला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की वहिनीचा पहिल्यापासून विरोधच होता.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. व्यवसायाचं मोठं शिक्षण घेऊन आले आणि थेट आमच्या फर्निचरच्या धंद्यात उतरले. धंदा तो केवढा! रस्त्याला लागून दुकान, मागे कामाची खोली आणि तिच्यामागे लाकडं ठेवायची पत्र्याची शेड. आमचे हे नव्या खुर्च्या करतात, पॉलिशवाले काका पॉलिश करतात, आणि दुरुस्ती माझ्याकडे. हलणारे पाय, फाटलेला वेत, निखळलेले हात, सगळं मीच बघते.

माझं टेबल दुकानात, दर्शनी खिडकीशी होतं. लग्नानंतर मी पहिल्यांदा पटाशी हातात घेतली, तेव्हा मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, टेबल लावायच्या आधी मला विचारलं होतं, "सूनबाई, कुठला हात चालतो तुझा?" मी डावखुरी. मग त्यांनी टेबल असं फिरवलं की खिडकी माझ्या उजव्या बाजूला आली, कामावर हाताची सावली पडायला नको म्हणून. एकवीस वर्षं मी त्या उजेडात बसले. मामंजी आता नाहीत, पण टेबल कुणी हलवलं नव्हतं.

आराखडा ऐकवायला भाऊजींनी सगळ्यांना एका रविवारी बसवलं. रंगीत पानं, खाली-वर जाणारे बाण, काही विचारू नका. पहिल्या पानावर लिहिलं होतं की मोठी गिऱ्हाइकं मिळवायची, आणि सगळ्यात आधी नवं वाचनालय, कारण तिथे साठ खुर्च्या लागणार आहेत. नवव्या पानावर होतं, दुरुस्ती बंद. दर्शनी खिडकीत नव्या खुर्च्या मांडायच्या आणि दुरुस्तीचं टेबल शेडमध्ये टाकायचं.

"आणि मी काय करायचं?" मी विचारलं.

"तुम्ही काउंटरवर आरामात बसायचं, वहिनी. दिवसभर घासघास करता आणि मिळतं काय? दात कोरून पोट भरतं का कधी?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हा मुलगा मी घरात आले तेव्हा पाचवीत होता, तेरा साती किती ते मला विचारून लिहायचा! पण बोलले नाही. इतका हौसेने सांगत होता, त्याचा विरस कशाला करा? मी मूग गिळून बसले. आमचे हे तर जन्मतःच मूग गिळलेले. नंतर काकांनी मला हळूच सांगितलं की आराखड्यात पॉलिशच्या डब्यांवर दोन ओळी आहेत, माझ्यावर एकही नाही.

सोमवारी टेबल उचललं. मला रडू आलं. विचारलं कुणी, तर डोळ्यात भुसा गेला म्हणाले. लाकडाच्या धंद्यात ही एक सोय असते.

मंगळवारी सकाळी मी नव्या काउंटरमागे बसून काच पुसत होते. एक चष्मेवाल्या बाई गाडीच्या डिकीतून खुर्ची घेऊन आल्या. जुनी, गोल पाठीची. त्या म्हणाल्या, "हिचा मागचा पाय हलतो. बघता का?"

भाऊजी हसतमुखाने पुढे झाले. "आम्ही आता दुरुस्ती घेत नाही. नव्या दाखवू का?"

बाईंनी खिडकीतल्या नव्या खुर्च्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "नको," म्हणाल्या आणि खुर्ची परत डिकीत ठेवून निघून गेल्या. माझे हात नुसते शिवशिवत राहिले. सांधा कुठे सुटलाय ते मला दारातूनच दिसलं होतं.

तेवढ्यात काका बाहेरून आले. "वाचनालयाच्या बाई कशाला आल्या होत्या हो?"

"कोण?" भाऊजींनी विचारलं.

"अहो, ती गाडी आत्ता वळली ती. तिथल्या मुख्य ग्रंथपाल आहेत त्या."

भाऊजी मटकन खाली बसले, ते नेमके नव्या खुर्चीवर. बिचारे तीनदा वाचनालयाच्या दारातून परत आले होते, आत कुणी घेत नव्हतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काका म्हणाले. मग त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण ते उगाच ब्रश धुवायला लागले.

"वहिनी, आता काय करायचं हो?" भाऊजींचा चेहरा तेरा सातीला व्हायचा तसाच झाला होता. मला राग होता, नाही कशाला म्हणू? पण तो चेहरा बघून विरघळले. पिशवीत हातोडी टाकली, ह्यांना स्कूटर काढायला लावली आणि वाचनालय गाठलं.

बाई भेटल्या. खुर्ची त्यांच्या टेबलाशीच होती. मी ती उलटी केली, पाय हलवून पाहिला आणि म्हटलं, "आधी कुणीतरी खिळा मारून ठेवलाय, म्हणून सांधा फाटलाय. खिळा काढून नवा तुकडा बसवते. परवा देते."

बाई पहिल्यांदा हसल्या. "नवी खुर्ची सगळेच झकास दाखवतात. म्हणून मी आधी मोडकी घेऊन जाते. मोडकीची ज्याला काळजी, त्याच्याकडून नवी घेते. तुमच्या दुकानात तर मला दारातच वाटेला लावलं."

"ते आमच्या आराखड्यात होतं," मी म्हटलं. आता यावर दुसरं काय बोलणार?

शेडमध्ये अंधार होता. दार सताड उघडून, टेबल दारापर्यंत ओढून मी दोन दिवसांत ती खुर्ची केली. बाई तिच्यावर बसल्या, पुढे-मागे झुलल्या, आणि आधी वीस खुर्च्यांची ऑर्डर दिली. त्या चांगल्या निघाल्या तर उरलेल्या चाळीसही आमच्याच. मला इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत मी स्कूटरवर मागे बसून एकटीच बडबडत होते. हे नेहमीसारखे हूं हूं करत होते.

भाऊजींना सांगितलं तर त्यांनी आराखड्याचं नववं पान काढलं. मग म्हणाले, "नवव्या पानाने पहिलं पान खाल्लं, वहिनी. पण तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कधी?" मी म्हटलं. आणि खरं सांगते, तेवढंच म्हणून थांबले, कारण न विचारता बोलायलाही मला कुणी अडवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी दुकानात गेले तर खिडकीतल्या नव्या खुर्च्या भिंतीशी सरकलेल्या. शेडमधून दोघे भाऊ माझं टेबल उचलून आणत होते. भाऊजी घामाने निथळलेले. खिडकीशी आले आणि टेबल न टेकवताच थांबले.

"वहिनी, खिडकी कुठल्या हाताला हवी?"

मला एकदम मामंजींचा आवाज आठवला.

"थांबा," मी म्हटलं, "विचार करून सांगते."

"अगं, हात तुटतायत आमचे!" हे ओरडले. एकवीस वर्षांत ह्यांचं एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं.

"तुटू देत. चौदा पानांत मला एक प्रश्न नव्हता. आता आलाय, तर जरा पुरवून वापरते."