सरूबाईच्या बांधापुढची चारी

दुष्काळी कामावर वाटलेली सुखडी खाऊन कालव्याची चारी खणली ती बौद्धवाड्यातल्या सरूबाईसारख्या बायांनी. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात चारीला पाणी आलं आणि ते गेलं हौसरावाच्या उसाला. पाणी सोसायटीचा चेअरमन तोच.

सरूबाईचं एकरभर रान चारीला लागूनच. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या उसात दारं धरली, या वाफ्यातलं पाणी त्या वाफ्यात फिरवलं. आता एकदा तरी स्वतःच्या रानात दारं धरायची होती. खणणाराला पाळी मिळणारच, असं धरून तिनं वाफे बांधले, तळेगावच्या बाजारातून कांद्याचं रोप आणून लावलं आणि घागरीवर जगवलं.

"पाळीच्या यादीत तुझं नाव न्हाई," पाणी सोडणारा पाटकरी म्हणाला.

"का बरं?"

"यादीत यायला ऊस पायजे."

"आन् उसाला पाणी नको व्हय?"

"ते बी खरंच हाय," म्हणत तो सायकलवर टांग टाकून गेला.

ज्याच्याकडं आहे त्यालाच द्यायचं, याचा नियम करून वर शिक्का मारलेला. आठ दिवस पाणी तिच्या डोळ्यांदेखत वाहत गेलं. ती बांधावर बसून नुसती बघत राहायची.

नवव्या दिवशी चारीला पाणी सोडणारी कालव्याची मोरी बंद झाली. चारी आटली, पण सरूबाईच्या बांधापुढं गुडघाभर पाणी उभं राहिलं. चारी खणताना मुकादमाच्या शिव्या खात तिनं तेवढीच जागा हातभर जास्त खोल खणली होती. पाणी आपल्यापाशी घडीभर थांबावं म्हणून.

तिनं घागर बुडवली, तोवर हौसराव बैलगाडीत पाणी उपसायचं इंजिन घालून हजर.

"सरू, ठेव ती घागर. पाणी सोसायटीचं हाय."

"आन् खड्डा, आप्पा?"

"खड्डा सरकारचा."

"मंग मी कुणाची?"

गाडीवान फिस्सकन हसला. हौसराव कडाडला, "लई तोंड फुटलंय. भिमाजी पेपर वाचून दावतो वाटतं घरी?"

"दावतो की. नवराच हाय माझा."

इंजिन सुरू झालं. सरूबाईनं घागर ठेवली नाही. पलीकडून पाईप ओढत होता, अलीकडून ती भरत होती. पाईप गाळ ओढून घरघरायला लागला, तोवर तिचे दोन वाफे भिजले. बाकीचे दहा तसेच.

इंजिन बंद पडलं. बांधापलीकडं उसाच्या सऱ्यांत पाणी अजून खळखळत होतं. सरूबाईचे हात सवयीनं पुढच्या वाफ्याचं दार मोडायला मातीत गेले. माती खडखडीत होती. तिनं हात तसेच ठेवले.