आधी मला हलवून पाहा

मी एक जुने कॅरियर आहे. सायकलच्या मागच्या चाकावर लोखंडी सळ्यांची जी चौकट असते, तीच मी. मित्रांनो, सायकल घेताना तुम्ही घंटी वाजवून पाहता, ब्रेक दाबून पाहता, आणि माझ्यावर दप्तर आदळून निघून जाता. तरीही माझी हकीकत तुम्हालाच सांगावीशी वाटते, कारण मोठी माणसे ऐकत नाहीत. ही हकीकत फारशी गोड नाही. मी आयुष्यभर इतकी घाण वाहिली आहे की किळस हा माझा स्वभावच झाला आहे.

एका वेल्डरच्या दुकानात मी तयार झाले. त्याने सळ्या वाकवल्या, जोड दिले, टोके कानशीने घासली आणि मला फरशीवर ठेवून स्वतः माझ्यावर उभा राहिला. मी कुरकुरले नाही. "नेईल हे," तो म्हणाला. मग चार बोल्टांनी त्याने मला सायकलला जोडले. दोन खाली, चाकाच्या आसाजवळ. दोन वर, सीटखाली. वरचे दोन लक्षात ठेवा. ते पुढे येणार आहेत.

माझे पहिले मालक कवळ्या बनवत. सगळे त्यांना दातवाले म्हणत. डॉक्टरांनी घेतलेले लोकांच्या जबड्यांचे साचे गोळा करायचे, घरी आणून त्यात प्लास्टर ओतायचे, मेणात दात बसवायचे आणि तयार कवळी पोचवायची, हा त्यांचा धंदा. थोडक्यात, मी परक्यांचे जबडे वाहत होते. सुरुवातीला मला शिसारी आली. पण दातवाले न धुतलेला साचा डब्यात ठेवत नसत. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक डबा लटकत असे. एका डब्यात साचे जास्त झाले तर वजन सारखे व्हावे म्हणून दुसऱ्यात ते प्लास्टरची वीट टाकत. जड तळाशी, हलके वर. माझ्या माथ्यावर काहीही नाही.

"वर चढवलेलं ओझं वळणावर सायकलला ओढतं," ते मुलीला सांगत.

डबे अडकवण्यापूर्वी ते मला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवत. मी जरा जरी डुगडुगले, तरी पाना बाहेर येई. ते माझे चांगले दिवस होते.

पुढे त्यांचे गुडघे गेले. धंदा त्यांच्या मुलीने हाती घेतला. तिला आपण ताई म्हणू. ताई जवळच्या दवाखान्यांत चालतच जाई, म्हणून सायकल तिच्या नवऱ्याकडे गेली.

जावई कचेरीत सायकलने जाई आणि सुट्टी लागली की मित्रांच्या टोळक्याबरोबर दूरच्या सहलीला निघे. मला वाटले, चला, आता डोंगर पाहायला मिळतील. मिळाले. पण कशाकशाखालून पाहिले, ते विचारा. घामाने चिंब बनियन वाळवायला माझ्यावर पसरलेले असे. पायमोजे माझ्या सळ्यांना गाठ मारून बांधलेले असत. एका सहलीत अर्धे खाल्लेले केळे बाजूच्या पिशवीच्या तळाशी राहिले आणि घरी आल्यावर आठवडाभर तिथेच राहिले. शेवटी ते केळे उरले नाही, नुसता चिकट काळा रस माझ्या जोडांत झिरपत राहिला. आणि एक टॉवेल होता. त्या टॉवेलने तो आधी पाय पुसे, मग सायकलची साखळी, मग तोंड. तो कधी धुतलेला मी पाहिला नाही.

या टोळक्याची एक रीत होती. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपले बांधलेले सामान हलवून दाखवायचे आणि बाकीच्यांनी एका सुरात "पक्कं!" म्हणायचे. सामान माझ्याशी पक्के बांधलेले असे, यात वाद नाही. मी सायकलला पक्के आहे का, हे मात्र त्यांतल्या एकानेही कधी पाहिले नाही.

एका उतारावर माझा वरचा एक बोल्ट गळून पडला. जावयाने रस्त्याकडेची गंजकी तार उचलून पिळली. काही दिवसांनी दुसराही गेला. तिथेही तार.

"जावईबापू, कॅरियर वाजतंय," दातवाले खिडकीतून म्हणाले. "वरचे बोल्ट बघा एकदा."

"चालतंय की, बाबा."

मित्रांनो, केळ्यापेक्षा मला या दोन शब्दांची जास्त किळस येते.

त्याच गल्लीत एक वाचनालय होते. तिथल्या बाई दर शनिवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवत. त्यांचे दात पडले, शब्द फुसफुसायला लागले, मुले खुसूखुसू हसू लागली, आणि बाईंनी वाचणे बंद केले. ताईने त्यांच्यासाठी कवळी बनवली. दातांचा रंग मनासारखा जुळेना म्हणून तिने तीन वेळा दात बदलले होते. त्या शनिवारी बाई पुन्हा वाचायला बसणार होत्या. जावई नेमका सहलीला निघाला होता.

"वाटेत देऊन जातो," तो म्हणाला.

"वाटेत नको. आधी दे, मग सामान बांध."

"दोनदा कोण बांधणार? आण इकडे."

तंबू, त्यावर भांडी, त्यावर कवळीचा डबा, अशी उतरंड माझ्या माथ्यावर रचली गेली. त्याने डबा हलवून पाहिला. "भिंत आहे भिंत," तो म्हणाला आणि निघाला.

कोपऱ्यावरच्या खड्ड्यात चाक आपटले आणि दोन्ही तारा तुटल्या. मी मागे कलंडले, सारे सामान रस्त्यावर लोळले. डबा उघडून कवळी थेट गटारात गेली. हिरवट पाणी, केसांचा गुंता, कुजका पाला, आणि त्यात नवेकोरे दात. जावयाने दोन बोटांनी कवळी बाहेर काढली. नळाखाली धरली. आणि मग पुसली. कशाने, ते तुम्ही ओळखले असेल.

मला वाटले, तो घरी परतेल. त्याने कवळी डब्यात ठेवली, मला एका पट्ट्याने कसेबसे वर ओढून बांधले, सामान पुन्हा चढवले आणि वाचनालयापाशी आला.

बाई दारातच उभ्या होत्या. आत सतरंजीवर मुले बसली होती. बाईंनी डबा उघडला.

"नवीनच ना रे?"

"एकदम नवीन. आजच निघालीय."

बाईंनी कवळी ओठांपाशी नेली. मला ओरडता येत नाही. मी काही मुद्दाम केले असेही नाही. पट्टा ताणून ताणून आधीच मेला होता, तो सुटला, आणि मी सामानासकट धाडकन जमिनीवर आपटले. बाईंचा हात थांबला.

"हे काय पडलं?"

"कॅरियर हो. जुनं झालंय. मघाशीही निसटलं जरासं."

"आणि हा डबा कुठे होता तेव्हा?"

"कॅरियरवरच."

"मग दात कुठे पडले?"

"गटाराजवळ."

"जवळ, की गटारात?"

जावई माझ्याकडे पाहू लागला, जणू उत्तर मी देणार होते. बाईंनी कवळी परत डब्यात ठेवली आणि रुमालाने ओठ पुसले, खरे तर कवळी तिथे लागलीही नव्हती. आत जाऊन त्यांनी मुलांना सांगितले, "आज गोष्ट नाही." शब्द फुसफुसले. एक मूल हसले. मुले चपला घालून निघून गेली.

घरी ताईने डबा पाहिला, मग माझ्या तुटक्या तारा पाहिल्या.

"डबा हलवून पाहिलास?"

"पाहिला ना. पक्का होता."

"आणि हे?" तिने मला धरून हलवले.

"अगं, चालत होतं की."

"त्या बाईंच्या तोंडात जाणार होतं ते," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सायकल आजपासून माझी. तुझे डोंगर तू पाठीवर घेऊन जा."

आता तो कोणाची तरी सायकल मागून आणतो आणि पाठीवर भली मोठी पिशवी घेऊन सहलीला जातो. त्याच्या पाठीला कसला वास येत असेल, तो त्याचा प्रश्न आहे.

बाईंचा साचा जपून ठेवलेला होता. ताईने दुसरी कवळी बनवली. दातवाल्यांनी खुर्चीत बसून माझे जोड खरवडले, चार नवे बोल्ट बसवले. ताईने मला दोन्ही हातांनी गदागदा हलवले. मी हलले नाही. मगच तिने डबे अडकवले, एकात कवळी, दुसऱ्यात बरोबरीचे वजन.

पुढच्या शनिवारी वाचनालयाच्या खिडकीखाली उभे राहून मी गोष्ट ऐकली. नव्या दातांनी बाई पहिल्याच वाक्यात अडखळल्या.

"बाई, दात नवीन आहेत?" आतून एका मुलीने विचारले.

"नवीन आहेत. आणि स्वच्छ आहेत. मी दोनदा विचारलंय."

मुले हसली. बाईही हसल्या आणि पुढचे वाक्य त्यांनी सरळ वाचले.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस माझ्यासारख्या एखाद्या कॅरियरवर दप्तर किंवा तंबू बांधाल. ते सामान कधीकधी दुसऱ्याचेही असेल. जड तळाशी ठेवा, दोन्ही बाजू सारख्या करा. पण त्याआधी कॅरियर धरून हलवा. ते हलले तर "चालतंय की" म्हणू नका. पाना घ्या.

आणि तो टॉवेल धुवा.