मुक्ताबाईचे दोन डॉलर

"इथं सही करा, आजी." राधाकृष्ण काळोखेंनी छापील कागद पुढं सरकवला. "नाहीतर अंगठा चालेल."

"अंगठा कशाला? सही येती मला," मुक्ताबाई फणकाऱ्यानं म्हणाली खरी, पण हात काही पदराखालून बाहेर येईना.

कागदावर काय आहे ते अश्विनीनं मोठ्यानं वाचलं. अश्विनी तिची नात, नगरच्या कॉलेजात शिकणारी, तोंडाची फटकळ. "'वरील दोन चांदीची नाणी माझ्या स्वतःच्या मालकीची आहेत.' बस्स, एवढंच हाय, आज्जे. कर सही."

एवढंच! मुक्ताबाईची नजर दाराकडं गेली. माळीवाडा स्टँडजवळच्या लॉजची ती खोली. टेबलावर लख्ख दिवा, दिव्याखाली काळी मखमल आणि मखमलीवर तिचे दोन अमेरिकी डॉलर. दाराबाहेर कुणाचा तरी बूट वाजला, तर तिला वाटलं फौजदारच आला.

काळोखे पुण्याचे. जुनी नाणी पारखणारे. महिन्यातल्या एका सोमवारी नगरला यायचे. चांगलं नाणं दिसलं की अमेरिकेला पाठवायचे. तिथले तज्ज्ञ ते तपासून सत्तरपैकी मार्क द्यायचे आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत धाडायचे; मार्क जास्त तसा भाव जास्त. ही जाहिरात अश्विनीनं पेपरात वाचली ती नेमकी घराला चुना मारायच्या आठवड्यात. ज्वारीच्या कणगीमागची डॉलरांची पुरचुंडी तेव्हाच तिच्या हाती लागली होती. पोरीनं आजीला विचारायच्या आधीच फोन करून नाव, पत्ता, सगळं सांगून टाकलं. आता नको म्हणावं तर संशय येणार.

तसा संशय येऊ नये म्हणून मुक्ताबाईनं बेचाळीस वर्षं काय कमी थापा मारल्या? सासूला सांगितलं, सीना नदीला पूर आला तेव्हा एक मासा चिरला, त्याच्या पोटात निघाले. नवऱ्याला सांगितलं, एका गोऱ्या सोल्जराला साप चावला, मी त्याचं इख उतरवलं, त्यानं दिले. रंगनाथ बिचारा मरेपर्यंत त्या सापाची लांबी विचारत राहिला आणि साप दर खेपेला हातभर वाढत गेला. शेवटी शेवटी तर तो भिंगारपासून केडगावपर्यंत पसरला होता.

खरी गोष्ट होती दोन शब्दांची.

मुक्ताबाई मिशनच्या दवाखान्यात आया होती. चोपन्न साली तिथल्या डॉक्टरीण हेलन मॅडमची अमेरिकेतली आई आजारी पडली. मॅडम तिकडं निघाली, टांगा दारात उभा. मॅडमनं रुमालाची पुरचुंडी मुक्ताच्या मुठीत कोंबली आणि म्हणाली, "मुक्ता, हे ठेव."

हे ठेव! म्हणजे तुला ठेव, का मी येईपर्यंत सांभाळून ठेव? मराठी माणसानं म्हटलं असतं तर तोंडाकडं बघून कळलं असतं. मॅडमचं मराठी असं की पेशंटला "झोपा" म्हणायचं तर "झोपडी" म्हणायची. विचारू म्हणेपर्यंत टांगा वळला. मॅडम परत आलीच नाही.

पुढं नवे साहेब आले. त्यांनी सगळ्या नोकरांना रांगेत उभं केलं. मॅडमची काही चीजवस्तू कुणापाशी आहे का, म्हणून विचारलं. सगळे गप्प. मुक्ताही गप्प. त्या दिवसापासून तिच्या बरगडीत जी भीती घुसली, ती तिथंच बिऱ्हाड करून राहिली.

"सही नंतर करा हवं तर," काळोखे म्हणाले. "आधी बघू तरी काय मार्क पडतील."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. पहिलं नाणं कडेनं धरून दिव्याखाली फिरवलं.

"सुरेख आहे. वापरलेलं दिसत नाही. साठाच्या वर मार्क..." ते थांबले. कपाळाला आठी पडली.

"काय झालं?" अश्विनीनं विचारलं.

"कुणीतरी खरडलंय. गरुडाच्या पंखाखाली. सुईनं असेल."

मालकिणीची खूण! चोरीच्या भांड्यावर नाव निघतं तसं आता मॅडमचं नाव निघणार.

"मी न्हाई खरडलं," ती पुटपुटली. "आईच्यान न्हाई. मी तर हातबी लावीत नव्हते, साहेब."

"अहो आजी, तुम्हाला कोण बोलतंय? पण खरडलेल्या नाण्याला मार्क देत नाहीत. नापास."

"नापास?" अश्विनी उसळली. "आवं, पुन्हा नीट बघा की!"

"तुम्हीच बघा." काळोखेंनी भिंग पुढं केलं. ते मुक्ताबाईनंच घेतलं. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे.

आधी नुसता धूर दिसला. मग पिसं. मग पिसांखाली एक अक्षर. वेडंवाकडं, मुंगीएवढं. म. आणि त्याला उकार, उलट्या बाजूला वळलेला.

असा उकार अख्ख्या नगरात एकच माणूस काढायचा. दवाखान्याच्या ओट्यावर दोघी एकाच पाटीवर मुळाक्षरं गिरवायच्या, आया आणि डॉक्टरीण. मुक्ता हसून म्हणायची, "मॅडम, तुमचा उकार पळून चाललाय."

"दुसरं," मुक्ताबाई म्हणाली. "दुसरं दावा."

दुसऱ्यावर त्याच जागी होतं: क्ता.

"यावर पण?" काळोखे हळहळले. "कुणी केला हो हा उद्योग? दोन्ही नाणी वाया घालवली."

मुक्ताबाईनं दोन्ही नाणी शेजारी शेजारी लावली: मुक्ता. बेचाळीस वर्षं ज्याला घाबरली, ते तिचंच नाव होतं.

"आज्जे, रडती काय? जाऊ दे मार्क."

"मार्काला कोन रडतंय, बये?" तिनं नाक पुसलं. "अश्विने, हेलन मॅडमची पत्रं आल्ती गं मला. तीन नाताळाला तीन. मला वाटलं, डॉलर मागती. मी फोडलीच न्हाईत. तशीच चुलीत घातली."

अश्विनीनं नाणी पुन्हा पुरचुंडीत बांधून आजीच्या हातात दिली.

लॉजमधून त्या निघाल्या, पण मुक्ताबाई स्टँडकडं वळली नाही. ती पोस्टात शिरली. परदेशी पत्राचा निळा कागद मागून घेतला आणि डिंकाच्या बाटलीशेजारी उभी राहून स्वतःच्या हातानं लिहीत राहिली. नातीला बघू दिलं नाही. मागं रांग लागली, माणसं कुरकुरली, तरी तिनं शेवटची ओळ निवांत पुरी केली.

खिडकीतल्या बाबूनं कागद उलटापालटा केला. "मावशी, नुसतं 'हेलन मॅडम, अमेरिका'? पत्ता?"

"व्हता. चुलीत गेला."

"मग एवढ्यावर कसं पोचंल? अमेरिका काय राजूरचा बाजार हाय?"

मुक्ताबाई खिडकीला नाक लावून उभी राहिली. मागची माणसं ऐकत होती. पण तिनं आवाज खाली आणला नाही.

"लई उंच बाई हाय ती. दारातनं वाकून यायची. तिथं कुनालाबी इचारा म्हनावं."